आपल्या खेळाचे माप

अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर राजूर हे गाव लागते. चहूकडे सह्याद्रीचे डोंगर असल्यामुळे येथील वारा मोठा लहरी. पहाटे झाडाचे पानही हलत नाही. सायंकाळी मात्र पटांगणातील धूळ उडू लागते. अशाच एका पटांगणात शाळेतील काही मुले बॅडमिंटन खेळत असत. त्यांत सातवीतील एक मुलगा सर्वांत वरचढ ठरला होता. दोन महिन्यांत त्याला कोणीही हरवले नव्हते. तालुक्याच्या स्पर्धेसाठी शाळेतून दोन खेळाडू जायचे होते, आणि त्यांत पहिले नाव आपले, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गुरुजींनी मात्र निवड करण्यापूर्वी चार दिवस खेळ पाहिला. बॅडमिंटनचे फूल सोळा पिसांचे असते आणि त्याचे वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनही कमी. एवढ्या हलक्या वस्तूला वाऱ्याची झुळूकही पुरते. जाळे या मुलाच्या घरचे होते, म्हणून बाजू निवडण्याचा मान त्याचा. आणि तो नेहमी वारा पाठीशी येईल अशीच बाजू घेई! डाव संपल्यावर बाजू बदलाव्यात हा नियम त्या पटांगणात कोणी पाळतच नव्हते.

गुरुजी त्याला रागावले नाहीत. ते म्हणाले, “अरे, खेळण्यापूर्वी फुलाचीदेखील परीक्षा घेतात, हे तुला ठाऊक आहे काय? मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोराने मारलेले फूल समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे 530 ते 990 मिलिमीटर अंतरात पडले, तरच ते खेळास योग्य. मग खेळणाराची परीक्षा नको?”

मैदानाच्या दोन्ही टोकांना मागच्या दोन रेषांमध्ये अडीच फुटांचा पट्टा असतो. गुरुजींनी वीस फुले एकामागून एक उंच उडवून द्यावीत आणि मुलाने ती डोक्यावरून मारून समोरच्या पट्ट्यात टाकावीत, असे ठरले. सायंकाळी नेहमीच्या बाजूने मारलेल्या विसांपैकी चौदा पट्ट्यात पडली. मुलाचा चेहरा फुलला. गुरुजींनी त्याला दुसऱ्या बाजूला उभे केले. तेथून चारच पडली. बाकीची मैदानाच्या मध्यावरच गळून पडली. दुसऱ्या दिवशी पहाटे, वारा अगदी पडलेला असताना, पुन्हा मोजणी झाली. या वेळी सात. ज्या मुलाला तो रोज हरवीत असे, त्याची याच वेळी अकरा पडली.

मुलाच्या डोळ्यांत पाणी तरळले. “गुरुजी, मग मी खेळणे सोडून देऊ का?” त्याने विचारले.

तेव्हा गुरुजींनी त्याला नंदू नाटेकर यांची हकीकत सांगितली. 1933 साली सांगलीत जन्मलेले नाटेकर आरंभी टेनिस खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले, पण तेथे रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले. आपल्या खेळाचा त्यांनी शांतपणे विचार केला आणि ते बॅडमिंटनकडे वळले. विसाव्या वर्षी ते भारतातर्फे खेळले. 1954 साली ऑल इंग्लंड स्पर्धेत त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि 1956 साली क्वालालंपूर येथील सेलंगोर स्पर्धा जिंकून बॅडमिंटनमध्ये आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी तो त्यांना मिळाला.

मात्र यावरून एका पराभवाने खेळ बदलावा, असे कोणी समजू नये. नाटेकरांना हरविणारे कृष्णन पुढे 1960 आणि 1961 अशी दोन वर्षे विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत खेळले. अशा खेळाडूशी अंतिम सामन्यात गाठ पडणे हे लहानसहान माप नव्हे. गल्लीत मिळविलेल्या शंभर विजयांहून ते अधिक काही सांगते. आपल्याहून दुबळ्यांशीच जो खेळत राहतो, त्याला आपल्या उलट्या हाताचा फटका कच्चा आहे की पायांची चपळाई कमी आहे, याचा पत्ताही लागत नाही. कारण तिकडे बोट ठेवणारा समोर कोणी नसतोच.

“तुझी सात फुले तुझी स्वतःची आहेत,” गुरुजी म्हणाले, “सायंकाळच्या चौदांत वाऱ्याचा वाटा होता. आता स्पर्धेसाठी दोन नावे तूच लिहून आण.”

मुलगा घरी गेला. त्या रात्री त्याने बराच वेळ कागद समोर ठेवला होता. सकाळी तो गुरुजींच्या हाती पडला, तेव्हा त्यावर पहिले नाव अकरा फुले टाकणाऱ्या मुलाचे होते. स्वतःचे नाव त्याने दुसरे लिहिले होते, आणि शेजारी लहान अक्षरांत ‘सात’ असा आकडा टाकला होता.

त्या सायंकाळी जाळे बांधून झाल्यावर सवंगड्यांनी त्याला त्याची नेहमीची बाजू मोकळी करून दिली. तो मात्र रॅकेट घेऊन जाळ्याखालून पलीकडे गेला आणि वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला.