आधी कोण विचारून गेलं, ते पाहा

दर उन्हाळ्यात समाजकार्याचे आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी संशोधनाचे प्रस्ताव घेऊन माझ्याकडे येतात. विषय बहुधा ठरलेला: अमरावती नाहीतर अकोला जिल्ह्यातली शेतकरी कुटुंबं, सविस्तर मुलाखती, दोन-चार गटचर्चा. त्यात ‘माहिती संकलन : ऑक्टोबर ते डिसेंबर’ अशी ओळ दिसली की मी तिथेच थांबते. त्या दिवसांत मुलाखत द्यायला गावात असतं कोण? सोयाबीन काढणीला आलेलं, पाठोपाठ कापसाची वेचणी. बाया सकाळी डबा बांधून निघतात आणि वेचलेला कापूस काट्यावर मोजून झाला की दिवस मावळताना घरी येतात. मजुरी किलोवर असते. तुमच्या तासाभराच्या गप्पा त्यांच्या मजुरीतून वजा होतात.

मी पहिल्यांदा ज्या प्रकल्पावर काम केलं, त्याचं वेळापत्रक बाहेरून ठरून आलं होतं आणि त्यात नेमके हेच महिने होते. भेटले ते पारावरचे म्हातारे आणि ग्रामपंचायतीत बसणारे पुढारी. अहवालात त्यांनाच ‘शेतकरी’ म्हटलं गेलं. वेचणी करणारी बाई त्यात औषधालाही नव्हती.

म्हणून तारखा ठरवण्याआधी गावाचं वर्ष समोर ठेवा. पावसाळ्यात काळ्या मातीचे पांदण रस्ते बंद पडतात. मार्च-एप्रिलमध्ये माणसं घरी सापडतात, पण मग उन्हामुळे सकाळ आणि संध्याकाळच हाती राहते. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे जायचं तर होळी धरा; कामासाठी बाहेर गेलेली कोरकू कुटुंबं तेव्हा गावी परततात. मात्र सणाच्या दिवशीच वही उघडून बसू नका.

हे झालं सोपं. अवघड गोष्ट वेगळीच आहे. वऱ्हाडातल्या माणसांना प्रश्नांची सवय झालेली आहे. शेतकरी आत्महत्यांवर टाटा समाजविज्ञान संस्थेचा अहवाल उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून २००५ मध्ये झाला, पुढच्या वर्षी अभ्यासक श्रीजित मिश्र यांचा आला. २००६ च्या जून-जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. तेव्हापासून पत्रकार, विद्यार्थी, संस्था, पुढारी यांची रीघ लागली. त्याहून महत्त्वाचा, मदतीच्या चौकशीला येणारा तलाठी. आत्महत्येनंतर कुटुंबाला सरकारची एक लाखाची मदत मिळायची तर प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. शेती कुटुंबाच्या नावावर, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं, ते थकलेलं आणि वसुलीचा तगादा. यात न बसणारी गोष्ट जिल्हा समितीपुढे सांगून उपयोग नसतो.

दर्यापूर तालुक्यातल्या अशाच एका आत्महत्याग्रस्त घरी मी बसले न बसले तोच बाईंनी आतून पन्नी आणली. सातबारा, पंचनामा, बँकेची नोटीस, मृत्यूचा दाखला, असे कागद चटईवर ओळीने मांडले. “मॅडम, हे कागदं पयले पाहून घ्या, मंग इचारा काय इचाराचं ते. झेराक्स लागते काय?” मग त्या बोलल्या तेही त्याच क्रमाने. आधी जमीन, मग कर्ज, मग नापिकी, मग नोटीस. कितव्यांदा तरी सांगितलेलं ते बयाण होतं. खोटं त्यात काही नव्हतं. पण नवऱ्याचं दुखणं, बिनपरवान्याच्या सावकाराकडची उचल, दिराशी वाटणीवरून झालेला वाद, हे सगळं त्यातून गळालेलं होतं, कारण कागदाला ते नको होतं. ते कळलं पुढच्या खेपेला, कागद न काढता, यंदाच्या पऱ्हाटीवरून बोलणं सुरू केलं तेव्हा.

यावरून प्रश्नावलीत एक बदल मी सर्वांना करायला लावते. मृत्यूपासून सुरुवात नको, कर्जापासून तर नकोच. पेरणीपासून हंगाम सांगायला लावा. कर्ज, आजार, लग्न आपापल्या जागी येतात. आणि पहिल्याच वाक्यात स्पष्ट करा की यातून अनुदान मिळणार नाही, मिळत असलेलं जाणारही नाही. संमतीपत्रावर सही मागितली की ती मदतीच्या अर्जावरची वाटते, त्यामुळे हे दोनदा सांगा.

गावात शिरताना सरपंच, पोलीस पाटील यांना भेटावंच लागतं. पण घरं त्यांना निवडू देऊ नका, नाहीतर त्यांच्या भावकीतच फिरत राहाल. आशाताईंना विचारा, दुसऱ्या मोहल्ल्यातून वेगळी सुरुवात करा.

किती मुलाखती, हा प्रश्न प्रस्ताव तपासणाऱ्या समितीपुढे हमखास येतो आणि उत्तर ‘बारा’ असं येतं. हा आकडा बहुधा २००६ च्या एका लेखातून आलेला असतो. त्यात घाना आणि नायजेरियातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखती तपासून, बारापर्यंत बहुतेक मुद्दे येऊन जातात असं दाखवलं होतं. पण ते बऱ्यापैकी सारख्या परिस्थितीतल्या बायांबद्दल होतं. आपल्याकडे दर्यापूर-अकोटचा खारपाणपट्टा, जिथे विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर ओलीत होत नाही, आणि वरूड-मोर्शीचा संत्र्याचा भाग हे एकाच पोत्यात भरता येत नाहीत. त्यात जमीनवाले आणि भूमिहीन वेगळे, बाया आणि बाप्ये वेगळे. बारा हवेत तर प्रत्येक गटात हवेत. नसेल जमत तर एकच गट घ्या आणि शीर्षकात तसं लिहा.

तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास सहज जातात. वऱ्हाडी बोलणं वऱ्हाडीतच उतरवा, लिहिताना त्याला पुणेरी करू नका.

बोलताना समोरचं माणूस कोसळलं तर काय करणार, हे आधी लिहून ठेवा. रेकॉर्डर बंद करायचा आणि घरातलं जवळचं माणूस बोलवायचं. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक, जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाच्या वेळा खिशात हव्यात. मुलाखत घेणाऱ्या मुलामुलींनाही संध्याकाळी कुणाशी तरी बोलायला लागतं, त्याचीही सोय करा.

मार्गदर्शकांना एक विनंती. खर्चाच्या तक्त्यात प्रत्येक घरी दुसऱ्या भेटीचे पैसे आणि दिवस धरलेले नसतील, तर त्या प्रस्तावावर सही करू नका.