धांवण्यास आरंभ करणाऱ्यांचें पायदुखणें

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली आणि मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा उमटल्या, कीं प्रतिवर्षीं एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. ज्यांनीं जून महिन्यापासून वर्गांतील बाकाखेरीज दुसऱ्या कशाशींही परिचय ठेवला नाहीं, असे कित्येक विद्यार्थी एकाएकीं पहांटे उठून मैदानाला फेऱ्या घालूं लागतात. पहिल्या दिवशीं उत्साह उतूं जात असतो. दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. आणि पंधरवडा लोटला नाहीं तोंच त्यांतील बरेच जण मैदानाच्या कडेला पाय चोळीत बसलेले आढळतात. त्यांपैकीं कांहीं निराश होऊन तो नाद सोडून देतात. कांहीं मात्र दांतओठ खाऊन, दुखणें लपवून, तसेच धांवत राहतात. पहिल्यांची स्थिति कींव करण्याजोगी खरी, परंतु दुसऱ्यांची अधिक धोक्याची आहे. या लेखांत आम्ही मुख्यतः त्या दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांशीं बोलणार आहों. कारण एके काळीं आम्ही स्वतः त्यांतलेच होतों.

प्रथम पायावर धांवतांना काय प्रसंग येतो तें पाहूं. मनुष्याच्या एका पावलांत २६ हाडें व ३३ सांधे असतात. चालतांना एक ना एक पाय सदैव जमिनीवर असतो. धांवतांना मात्र क्षणभर दोन्ही पाय अधांतरीं असतात, आणि पुढच्या क्षणीं सर्व भार एकाच पायावर येऊन आदळतो. हा भार शरीराच्या वजनाच्या दुपटीपासून तिपटीपर्यंत असतो. म्हणजे ४५ किलो वजनाच्या विद्यार्थ्याच्या पायास प्रत्येक वेळीं ९० ते १३५ किलोंचा भार सोसावा लागतो; आणि सावकाश धांवणाऱ्यास एक किलोमीटर जाण्यास सुमारें एक हजार पावलें टाकावीं लागतात. प्रत्येक पायाच्या वांट्यास असे सुमारें पांचशें आघात आले. जो पाय कालपर्यंत घरापासून शाळेपर्यंतच चालत होता, त्यानें आज तक्रार केली तर त्यांत नवल तें काय?

सुदैवानें शरीर केवळ झिजणारें यंत्र नव्हे. काम पडेल तसें तें स्वतःस बळकट करून घेतें. मात्र त्याचे सर्व भाग सारख्या वेगानें बळकट होत नाहींत, आणि नवशिक्याच्या बहुतेक दुखण्यांचें मूळ येथेंच आहे. हृदय व फुप्फुसें थोड्याच आठवड्यांत सुधारतात. स्नायूही त्यांच्या मागोमाग येतात. परंतु कंडरा आणि हाडें फार सावकाश चालणारीं आहेत. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलते, हा सिद्धान्त जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनीं १८९२ सालीं मांडला. पुढील संशोधनानें असें दिसून आलें कीं, हाडाच्या दुरुस्तींत आधीं जुना भाग कुरतडून काढला जातो व मग तेथें नवा भाग भरला जातो. काढण्याचें काम सुमारें तीन आठवड्यांत उरकतें. भरण्याच्या कामास तीन महिन्यांच्या आसपास काळ लागतो. घराची जुनी भिंत पाडली आहे, नवी अद्याप उभी राहावयाची आहे, अशी ती मधली अवस्था असते. नेमक्या याच काळांत विद्यार्थ्याचा दम वाढलेला असतो, आणि ‘आतां आपण कितीही धांवूं शकूं’ असें त्यास वाटूं लागतें. दम तयार झाला म्हणजे पाय तयार झाले असें नव्हे, एवढें एक वाक्य जरी वाचकांनीं ध्यानांत ठेविलें तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.

आतां दुखण्याचे प्रकार पाहूं. पहिला प्रकार म्हणजे अंग आंबणें. अनभ्यस्त श्रमानंतर १२ ते २४ तासांनीं पोटऱ्या व मांड्या दुखूं लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तें दुखणें कळसास पोंचतें, आणि पांच-सहा दिवसांत आपोआप ओसरतें. तें दोन्ही पायांत असतें, सर्व स्नायूभर पसरलेलें असतें, आणि थोडें चालल्यावर सैल पडतें. दुग्धाम्ल सांठल्यामुळें असें होतें ही समजूत अद्यापि पुष्कळांची आहे; परंतु तें आम्ल श्रम थांबल्यावर तासा-दीडतासांतच रक्तांतून निघून जातें. खरें कारण म्हणजे स्नायूंच्या तंतूंना झालेली सूक्ष्म इजा होय, आणि तसा तर्क थिओडोर हफ यांनीं १९०२ सालींच केला होता. या दुखण्यास भिण्याचें कारण नाहीं. हलकें चालावें, झोंप पुरी घ्यावी आणि एक-दोन दिवस धांवूं नये, एवढाच त्यावर उपचार.

दुसरा प्रकार ताणाचा. नडगीच्या आंतल्या कडेनें, चार बोटांहून अधिक लांबीवर, धांवतांना दुखूं लागतें. किंवा सकाळीं अंथरुणांतून उठून पहिलें पाऊल टाकतांच टांचेखालीं कळ येते व चार पावलें चालल्यावर ती कमी होते. वाढीच्या वयांतील मुलामुलींत आणखी दोन दुखणीं आढळतात. गुडघ्याच्या वाटीखालीं, नडगीच्या माथ्यावर, एक दुखरा उंचवटा येतो. त्याचें वर्णन बोस्टनचे ऑस्गुड व झुरिचचे श्लाटर यांनीं १९०३ सालीं स्वतंत्रपणें केलें. टांचेच्या मागील भागाचें तसलेंच दुखणें सेव्हर यांनीं १९१२ सालीं वर्णिलें. या वयांत हाडाचा वाढता भाग कोंवळा असतो आणि बळकट स्नायू त्यास कंडरेच्या द्वारें ओढीत असतात, म्हणून ही पीडा होते. वाढ पुरी झाल्यावर ती बहुधा नाहींशी होते. या सर्व दुखण्यांत धांवणें पुष्कळ कमी करावें किंवा कांहीं दिवस थांबवावें, आणि दुखणें हटत नसल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

तिसरा प्रकार मात्र सर्वांत गंभीर, तो म्हणजे हाडास सूक्ष्म तडा जाणें. याचा इतिहास बोधप्रद आहे. १८५५ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील ब्राइटहाउप्ट नांवाच्या शल्यवैद्यानें लांब कवायतीनंतर सैनिकांचीं पावलें सुजून दुखतात असें नमूद केलें. कंडरांच्या आवरणांस सूज येत असावी असें त्यास वाटलें. १८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधून काढले, आणि १८९७ सालीं श्टेखो यांनीं त्या किरणांच्या साहाय्यानें दाखवून दिलें कीं, त्या पावलांतील हाडेंच मोडलेलीं होतीं! चाळीस वर्षें सैनिक मोडलेल्या हाडांनीं चालत होते, आणि कोणासही तें दिसत नव्हतें.

आम्हांस ही गोष्ट वाचतांना स्वतःचें स्मरण होतें. आम्ही नववींत असतां चार गुणिलें चारशें मीटरच्या रिलेसाठीं आमची निवड झाली. तिसरी धांव आमची होती. निवडीचा आनंद एवढा कीं, आम्ही सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळां धांवूं लागलों. तिसऱ्या आठवड्यांत उजव्या नडगीवर, एका बोटानें दाखवितां येईल एवढ्या जागीं, दुखूं लागलें. हें सांगितलें तर आपली जागा राखीव धांवपटूस मिळेल, या भीतीनें आम्हीं तें कोणासही सांगितलें नाहीं. रात्रीं दिवा मालवल्यावर नडगीस बाम चोळावा, सकाळीं मोज्याखालीं पट्टी आवळून बांधावी, आणि ‘कसें काय?’ असें शिक्षकांनीं विचारलें म्हणजे ‘उत्तम आहे, सर’ असें उत्तर द्यावें, हा आमचा क्रम झाला. शर्यतीच्या दिवशीं दुसऱ्या धांवपटूनें आमच्या हातीं दांडी दिली तेव्हां आमचा संघ पुढें होता. दोनशें मीटरांच्या सुमारास नडगींत अशी कळ आली कीं पाय जमिनीस टेंकवेना. आम्ही लंगडत कसेबसे पुढें सरकलों. पण चौथ्या धांवपटूपर्यंत पोंचलों तेव्हां बाकीचे सर्व संघ शर्यत संपवून पाणी पीत होते. पुढें तपासणींत हाडास तडा असल्याचें निघालें, आणि आठ आठवडे कुबडी घ्यावी लागली. परंतु त्या कुबडीहून अधिक बोंचणारी गोष्ट वेगळीच होती. राखीव धांवपटू त्या दिवशीं बुटाच्या नाड्या बांधून मैदानाच्या कडेला उभा होता. तो धडधाकट होता. आम्हीं आदल्या दिवशीं एक शब्द बोललों असतों तर तो धांवला असता, आणि तिघां सोबत्यांची महिन्याची मेहनत मातींत गेली नसती. तो आम्हांस कधींही कांहीं बोलला नाहीं. आम्हांसही त्यास कांहीं बोलतां आलें नाहीं. धैर्य म्हणून आम्हीं जें मिरविलें तें वस्तुतः भय होतें, हें समजण्यास आम्हांस पुष्कळ दिवस लागले.

म्हणून धोक्याचीं चिन्हें येथें स्पष्ट सांगतों. दुखणें एकाच पायांत असून हाडावरील एका बोटाएवढ्या जागीं दाबल्यास तीव्र कळ येते, धांवत गेल्यास तें वाढत जातें, चाल लंगडी होते, विश्रांतींत किंवा रात्रीं झोंपेंतही दुखतें, सूज येते, त्या एका पायावर उडी मारवत नाहीं. यांपैकीं एकही चिन्ह दिसतांच धांवणें तत्काळ बंद करावें, घरीं व शिक्षकांस सांगावें, आणि डॉक्टरांकडे जावें. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा साध्या क्ष-किरण चित्रांत पुष्कळदां दिसत नाहीं. म्हणून चित्र निर्दोष आलें तरी दुखणें कायम असल्यास पुनः दाखवावें. वेदनाशामक गोळी घेऊन धांवणें म्हणजे धोक्याची घंटा बांधून ठेवून आंत आग लागूं देणेंच होय. बर्फानें वेदना शमते, पण इजा लवकर बरी होत नाहीं. बर्फाची शिफारस १९७८ सालीं लोकप्रिय करणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनींच पुढें २०१४ सालीं आपलें मत बदललें.

आतां आरंभ कसा करावा? आमचा अनुभव असा कीं, दिवसाआड वीस-पंचवीस मिनिटें पुरेशीं होतात. प्रथम पांच मिनिटें चालावें. मग एक मिनिट धांवणें व दोन मिनिटें चालणें, असा क्रम ठेवावा. धांवतांना सोबत्याशीं सहज बोलतां यावें, इतकाच वेग असावा. दर आठवड्यास थोडी वाढ करावी, आणि चौथा आठवडा हलका ठेवावा. अंतर, वेग आणि चढ या तिहींपैकीं एका वेळीं एकच गोष्ट वाढवावी. लांब ढांगा टाकूं नयेत. पावलें थोडीं जवळजवळ टाकल्यानें गुडघ्यावरील भार कमी होतो. न धांवण्याच्या दिवशीं भिंतीस हात टेंकून टांचा सावकाश उचलाव्या व त्याहूनही सावकाश खालीं टेंकाव्या. पंधरा-पंधरा वेळां दोनदां केल्यास पोटऱ्या बळकट होतात. बूट महाग असलाच पाहिजे असें नाहीं; पण तो पायास बेताचा असावा, बोटांपुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी, आणि दिवसभरांत पाऊल किंचित् फुगत असल्यामुळें तो संध्याकाळीं घालून पाहावा.

आहाराकडेही दुर्लक्ष करूं नये. भाकरी, डाळ, दूध, नाचणी, तीळ यांवांचून हाड कशानें भरून यावें? उपाशीपोटीं धांवून सडपातळ होण्याचा मोह मुलींना व मुलांना सारखाच घातक आहे. धांवणाऱ्या मुलीची मासिक पाळी थांबली तर शरीरास अन्न अपुरें पडत असल्याची ती खूण असूं शकते. अशा वेळीं हाडांस तडा जाण्याचा संभव वाढतो, म्हणून संकोच न करितां आईस व डॉक्टरांस सांगावें.

कोणी म्हणेल, ‘खेड्यांतील मुलें अनवाणी धांवतात, त्यांस कोठें एवढे नियम असतात?’ पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतांत राबणारे तरुण अनवाणी धांवत, आणि त्यांची धांव पाहून सर दोराबजी टाटा यांनीं १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला खेळाडू पाठविण्यासाठीं पुढाकार घेतला. त्यांपैकीं बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरॅथॉनमध्यें १९ वे आले. आपल्या काळांत २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत रौप्यपदक मिळविणारे अविनाश साबळे हे बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचे. लहानपणीं शाळेसाठीं ते सुमारें सहा किलोमीटरांची वाट तुडवीत. पण यांवरून नियम खोटे ठरत नाहींत, उलट दृढ होतात. शेतांतील आणि वाटेवरील तीं वर्षें हाच त्यांचा संथ अभ्यासक्रम होता. त्यांच्या हाडांनीं जें दहा वर्षांत मिळविलें तें आपल्या हाडांकडून दहा दिवसांत मागणें हा अन्याय होय.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, अवश्य धांवा. पहांटेच्या थंड हवेंत, ओल्या मातीवर, स्वतःच्या पायांच्या ठेक्यांत धांवण्यासारखा निर्भेळ आनंद थोडाच असतो. परंतु पाय कांहीं सांगूं लागले तर ऐका. आणि ऐकलेलें आपल्यापाशींच न ठेवितां, ज्यांस सांगावयास पाहिजे त्यांस सांगा. यंदा तुमची जागा दुसऱ्यास मिळाली तरी मैदान पुढील वर्षींही तेथेंच असेल, आणि चुन्याच्या रेघाही पुनः उमटतील. त्या दिवशीं रेघेवर धडधाकट पायांनीं उभें राहतां यावें, एवढीच आमची इच्छा.