सोयरीक जुळवताना : एच.आय.व्ही. आणि सांगण्याची जबाबदारी



उसाचं बेणं घेताना आपण कांडी चिरून पाहतो. बेणं रोगट निघालं तर बाजूला टाकतो. माणसाचं तसं करता येत नाही, आणि करूही नये. पण माणसाचा आजार झाकून सोयरीक उरकणे हेही बरोबर नाही. या दोहोंच्या मध्ये कायदा कुठे उभा आहे, हे या धड्यात पाहू.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या एका सभासदाचा मुलगा अंबरनाथला कारखान्यात नोकरीला आहे. बदलापूर गावातील एका शेतकऱ्याच्या मुलीशी त्याचा साखरपुडा झाला. पुढे त्याने शिबिरात रक्तदान केले, तेव्हा रक्तात एच.आय.व्ही. असल्याचे कळले. त्याने चुलत्याला विश्वासात घेतले. चुलते म्हणाले, "गप रहा. लग्न झालं की सगळं निभावतं." आता पोराने काय करावे?

१) कायदा मुलाला काय सांगतो?

एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १० प्रमाणे, ज्याला आपल्या लागणीची व ती कशी पसरते याची जाणीव आहे, त्याने दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून सर्व वाजवी काळजी घेतली पाहिजे. शरीरसंबंधापूर्वी आपली स्थिती सांगणे हा त्या काळजीचा एक मार्ग म्हणून कायद्यातच नमूद आहे. बाईमाणसाला मात्र यात एक सवलत आहे. सांगितल्यास मारहाण होईल, घराबाहेर काढतील किंवा जिवावर बेतेल अशी रास्त भीती असेल, तर शरीरसंबंधातील लागणीबाबत हे कलम तिला लागू होत नाही.

२) मग डॉक्टरच सांगतील की!

असे समजून बसू नका. कलम ९ प्रमाणे फक्त डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतो. तेही केव्हा? जोडीदाराला लागणीचा मोठा धोका असेल, रुग्णाला स्वतः सांगण्याचा सल्ला देऊन झाला असेल, तरी तो सांगणार नाही याची खात्री पटली असेल आणि "आता मी सांगणार आहे" अशी कल्पना रुग्णाला दिली असेल, तेव्हाच. शिवाय या कायद्यात जोडीदार म्हणजे नवरा-बायको किंवा तसे एकत्र नांदणारे. नुसते लग्न ठरलेली मुलगी त्या व्याख्येत उघडपणे बसत नाही. म्हणजे बदलापूरला निरोप घेऊन कोणी सरकारी माणूस जाणार नाही. हे ओझे शेवटी पोराच्याच खांद्यावर आहे.

३) चुलत्यांनी काय करावे?

विश्वासाने सांगितलेली ही गोष्ट त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगण्यास कलम ८ ची मनाई आहे. तेव्हा पारावर बोलणे नाही, आणि "गप रहा" हा सल्लाही नाही. पोराला धीर द्यावा, त्याच्याबरोबर जावे, त्याला स्वतः बोलू द्यावे.

४) लपवून लग्न केले तर?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने भर पडली. समोरच्याबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवणुकीने संमती घेतली असेल, तर लग्न रद्द करून मागता येते. मात्र फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षात अर्ज केला पाहिजे, आणि कळल्यावरही राजीखुशीने एकत्र नांदणे झाले असेल तर तो चालत नाही. शिवाय जिवाला धोक्याच्या रोगाची लागण निष्काळजीपणे किंवा दुष्ट हेतूने पसरेल असे वागणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ व २७२ खाली गुन्हा आहे.

५) सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले?

नागालँडच्या आरोग्यसेवेतील एका डॉक्टरांनी मद्रासच्या रुग्णालयात रक्त दिले व त्यात एच.आय.व्ही. आढळला. ही गोष्ट बाहेर गेली आणि डिसेंबर १९९५ मध्ये ठरलेले त्यांचे लग्न मोडले. गुप्तता मोडली म्हणून त्यांनी भरपाई मागितली. २१ सप्टेंबर १९९८ रोजी न्यायालयाने ती नाकारली. नियोजित वधूच्या जिवाचा प्रश्न होता, असे कारण दिले. त्याच निकालात, अशा माणसाचा लग्नाचा हक्क जणू स्थगित राहतो, असेही म्हटले होते. पुढे १० डिसेंबर २००२ रोजी तीन न्यायमूर्तींनी, लग्नाच्या हक्काबद्दलची ती विधाने करण्याची गरज नव्हती, असे स्पष्ट केले. म्हणजे एच.आय.व्ही. असलेल्याने लग्नच करू नये, असा कायदा नाही. जोडीदाराला ठाऊक असावे आणि तिची मर्जी असावी, एवढेच.

६) दोन्ही घरांनी काय करावे?

पत्रिकेबरोबर दोघांचीही रक्ततपासणी राजीखुशीने करावी. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते. लागण नवी असेल तर सुरुवातीचे काही आठवडे तपासणीत दिसत नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करावी. १०९७ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या रोज नेमाने घेऊन रक्तातला विषाणू दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. वेळेवर उपचार घेतल्यास होणाऱ्या बाळालाही बहुतेक वेळा वाचवता येते. आणि नोकरीचे म्हणाल, तर निव्वळ एच.आय.व्ही. आहे म्हणून कामावरून काढण्यास हाच कायदा मनाई करतो. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९७ सालीच, काम करण्यास लायक असलेल्या अशा कामगाराच्या बाजूने निकाल दिला होता.

तेव्हा आपल्या उदाहरणातल्या पोराने आधी समुपदेशकाला भेटावे, औषध सुरू करावे आणि मग मुलीला समोर बसवून सांगावे. ती नाही म्हणाली तर तिचा राग धरू नये, आणि तिच्या घरच्यांनीही ही गोष्ट गावभर करू नये. ती समजून-उमजून हो म्हणाली, तर त्या लग्नाला अक्षता टाकायला आपण सर्वांनी जावे.