वणवा ‘लागतोच’ म्हणणाऱ्यांसाठी

माझ्या जळालेल्या बागेच्या पंचनाम्याच्या वेळी शेजारचे भाऊजी सर्वांदेखत म्हणाले, “वणवा काय, दरवर्षी लागतोच.” लागत नाही हो, लावला जातो. आग लागली त्या दिवशी सकाळी सड्यावरचं गवत पेटवताना मी त्यांना हटकलं होतं. “वहिनी, वारा कुठाय?” हे त्यांचं उत्तर.

सकाळी नसतोच. फेब्रुवारी-मार्चात रत्नागिरीकडे उन्हं वर येईतो मतलई वारा पडलेला असतो, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. जन्म इथे गेलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? विझली म्हणून सोडून दिलेली आग बाराच्या सुमारास उठली आणि काजूत शिरली. काजूच्या टरफलात तेल असतं. त्या धुरात डोळे उघडवेनात. मी खालच्या बाजूला पाहत होते आणि पाठीमागे कलमांखालचा सुका पाला पेटला. गडगा ओलांडून ठिणग्या उडाल्या होत्या. आग चालत येते असं आपण धरून चालतो. वाऱ्यात ती उडी मारते.

फोन केले. एका कार्यालयातून विचारणा झाली, “जमीन खाजगी की सरकारी?” या जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं, हे त्यांना मी सांगायचं! बंब आला, पण भाऊजींनी पाणंदीत सरकवलेल्या गडग्याशी अडला. ग्रामसभेत मी याच गडग्याचा विषय काढला होता, तेव्हा लोक हसले होते. बंबावरच्या पोरांनी पाइप खांद्यावर घेऊन धाव घेतली. त्यांना बोल नाही.

तर बागवाल्यांनो, पाऊस गेला की कडेचं गवत कापून काढा, पेटवू नका. भाजावळ करायचीच तर पहाटे, माणसं जवळ ठेवून, आणि राखेवर पाणी ओतूनच घरी जा. विजेच्या पंपावर भिस्त नको, आगीत लाइट आधी जाते. फवारणीचा पेट्रोलवरचा पंप आणि भरलेला ड्रम मेपर्यंत तयार असू द्या. ओल्या टहाळ्यांनी आग दाबायची, झोडपली तर ठिणग्या उडतात. चढावर आगीच्या पुढे उभं राहू नका. अडकलात तर जळून विझलेल्या जागेत शिरा. अंगावर सुती कपडे हवेत, नायलॉनची साडी नको. १०१, ११२ आणि वन विभागाचा १९२६ हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा. सावध राहा, हे काय सांगायचं.

आणि भरपाईसाठी सातबाऱ्यावर कलमांची नोंद आहे ना, ते आत्ताच बघा. जळकी झाडं तोडण्याआधी फोटो काढा. होरपळलेलं कलम काही दिवस हिरवं दिसतं आणि मग वाळतं, तेव्हा मोजणीत तेही धरायला लावा. आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही नको. माझ्या कागदावर कारण ‘अज्ञात’ लिहिलं होतं. मी खाली हरकत लिहिली, सकाळच्या वेळेसकट आणि भाऊजींच्या नावासकट, आणि त्याची पोच घेतली.