शिशाचा धूर आणि आपले शरीर



समुद्राचे पाणी आत घेऊन वाळवंटात सुमारे 3 किलोमीटर लांबीचा कालवा खणला, आणि त्याच्या दोन्ही काठांवर उंच इमारती उठल्या. ही झाली दुबई मरीना. आपल्यापैकी काहींची मुले, भाचे-पुतणे नोकरीनिमित्त त्या भागात आहेत. 2020 सालच्या करारानंतर इस्राएलातील मंडळीही तिकडे हवापालट करायला जाऊ लागली आहेत. मीही भाच्याकडे गेलो होतो. संध्याकाळी काठावरच्या उपाहारगृहात बसलो, तर शेजारच्या टेबलावर हुक्का गुडगुडत होता. आपण जिला नर्गिला म्हणतो, तिलाच तिथे शिशा म्हणतात. भाच्यानेही एक मागवली, सफरचंदाच्या स्वादाची. मी नुसते बघितले तर म्हणाला, ‘‘मामा, काळजी करू नका. धूर पाण्यातून येतो. जे वाईट ते खाली पाण्यातच राहते.’’

त्या वेळी चारचौघांत मी काही बोललो नाही. पण त्याची ही समजूत पुष्कळ सुशिक्षित माणसांची असते, म्हणून हा लेख.

प्रथम पाणी काय करते ते पाहू. पाणी धूर गार करते. गार धूर घशाला झोंबत नाही, म्हणून माणूस तो खोलवर ओढतो. निकोटीनचा काही अंश पाण्यात विरघळतो खरा; पण शरीराला हवे तेवढे मिळेपर्यंत ओढणारा थांबत नाही, तो जास्त वेळ ओढतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आणि शिशात तो दोन ठिकाणांहून येतो, एक तंबाखूतून व दुसरा वर ठेवलेल्या जळत्या कोळशातून. आपल्या आया-आज्या बंद खोलीत शेगडी ठेवू देत नसत, त्याचे कारण हाच वायू. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग रक्त फिरते, पण प्राणवायू पुरेसा पोचत नाही. शिशा ओढून उठताना डोके दुखते, गरगरते, क्वचित माणूस बेशुद्धही पडतो, आणि लोक म्हणतात, ‘उन्हाळा फार आहे’!

आता प्रमाण. एक सिगारेट आठ-दहा झुरक्यांत, पाच-सात मिनिटांत संपते. शिशाची बैठक तासभर चालते, आणि तीत 50 ते 200 झुरके सहज होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली सांगितले की अशा एका बैठकीत शंभर किंवा त्याहूनही अधिक सिगारेटींच्या धुराइतका धूर छातीत जाऊ शकतो. हा हिशेब धुराच्या आकारमानाचा आहे. निकोटीन शंभरपट जाते असा त्याचा अर्थ नव्हे; पण त्या धुरातील डांबर आणि कर्करोगकारक द्रव्ये काही निराळी नाहीत. शिवाय एकच नळी चौघांच्या तोंडी फिरली तर क्षयासारखा रोगही फिरू शकतो.

निकोटीन फुप्फुसातून मेंदूपर्यंत सुमारे दहा सेकंदांत पोचते. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. धुराने श्वासनलिकेतील केसासारखे सूक्ष्म तंतू लुळे पडतात; कफ वर ढकलण्याचे काम त्यांचे, ते थांबले की सकाळचा खोकला सुरू होतो. कर्करोगाची भीती सर्वांना असते, पण तंबाखू हृदयाचेही पुष्कळ बळी घेतो, हे लोक विसरतात.

तिथल्या तरुणांत आणखी एक प्रकार आहे. ‘मिदवाख’ नावाच्या छोट्या चिलमीत ‘दोखा’ नावाचा तंबाखू भरतात आणि एक-दोन झुरक्यांत संपवतात. अरबी भाषेत या शब्दाचा अर्थ भोवळ. मराठी कानाला तो ‘धोका’ ऐकू येतो, आणि तेही खोटे नाही.

अमिरातीचे सरकार मात्र डोळे मिटून बसलेले नाही. 2009 साली तंबाखू नियंत्रणाचा कायदा झाला. बारा वर्षांखालील मूल गाडीत असता धूम्रपान करणे गुन्हा ठरले. ऑक्टोबर 2017 पासून तंबाखूवर शंभर टक्के कर बसला.

दुबईला बोटे दाखवताना आपले घर विसरू नये. माझी आत्या रोज सकाळी मशेरी लावी. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा वास मला अजून आठवतो. ‘दात बळकट होतात’ असे ती म्हणे. तिच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा उठला तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. दुखत नव्हता ना! असा चट्टा, किंवा दोन-तीन आठवडे न भरणारे तोंडातील फोड, दुखो न दुखो, डॉक्टरांना दाखवलेच पाहिजेत. गुटख्यातील सुपारीने तर तोंडाचे आतले अस्तर ताठर होते, आणि पुढे घास घेण्यापुरतेही तोंड उघडत नाही. महाराष्ट्राने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली. तरी 2016-17 च्या पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी दर चौघांत एकाहून अधिक तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे व लावणारे कितीतरी जास्त.

सोडणे जमते का? आपल्यातील शब्बाथ पाळणारा धूम्रपी माणूस पाहा. शुक्रवारी दिवे लागल्यापासून हवदालापर्यंत तो विस्तव शिवत नाही. तेवढ्या वेळात रक्तातील कार्बन मोनॉक्साइड बहुतेक निघून जातो. पण निकोटीनची तलफ पहिले दोन-तीन दिवस चढतच असते. म्हणजे हा गृहस्थ दर आठवड्यास घाट अर्धा चढतो आणि शनिवारी रात्री पुन्हा पायथ्याशी येतो. रविवार-सोमवार तेवढे काढले तर उतार लागतो. वर्षभर तंबाखू सुटला तर हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्मा होतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा निम्मा व्हायला दहा वर्षे लागतात.

नुसत्या निर्धारावर विसंबू नये. निकोटीनची चिकटपट्टी, च्युइंगगम व गोळ्या यांनी तलफ सुसह्य होते. कोणते घ्यावे ते डॉक्टरांना विचारावे. इस्राएलात आपापल्या कुपत-होलिममध्ये धूम्रपान सोडण्याचे वर्ग असतात. भारतातील नातलगांना 1800-11-2356 हा विनाशुल्क क्रमांक कळवावा.

भाच्याला मी हे सारे परतीच्या आदल्या रात्री सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘‘मामा, आत्याआजीचा तो चट्टा पुढे काय झाला?’’ ते मी त्याला सांगितले.