जुन्या दुकानाचा दर्शनी भाग सावरताना

मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर व्हाइटवे लेडलॉ या विलायती दुकानाची दगडी इमारत आहे. 1954 मध्ये तिथे खादी भांडार सुरू झालं. कल्याणात टिळक चौक, पारनाका भागातली खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी घरं त्या मानाने चिमुकली, पण दुखणं तेच: पाणी, आणि त्यावर उपाय म्हणून थापलेलं सिमेंट.

काम दिवाळीनंतर काढा. आधी पालिकेत परवानगीची चौकशी, स्ट्रक्चरल इंजिनीयरची भेट, प्रत्येक कमानीचे जवळून फोटो. मग बांबूची परांची आणि रस्त्याच्या बाजूने जाळी.

पहिला हात भिंतीला नव्हे, छपराला. फुटकी कौलं बदला, पन्हळी मोकळ्या करा. वरून पाणी झिरपत असेल तर खालचा सगळा खर्च पाण्यात. भिंतीतला पिंपळ उपटू नका, त्यासोबत दगड निघतो. तो कापा, मूळ मारा, वाळल्यावर काढा.

धुवायला साधं पाणी आणि नायलॉनचा ब्रश. ॲसिड, तारेचा ब्रश आणि वाळूचा फवारा यांना परांचीवर चढू देऊ नये. दगडाचा पृष्ठभाग एकदा गेला की परत येत नाही.

आता खरं काम, दरजांचं. सिमेंट हलक्या हाताने छिन्नीने काढा. यंत्र लावलं तर दगडाच्या कडा उडतात. दरज रुंदीच्या किमान दुप्पट खोल उकरा, धूळ झटका, पाणी मारा. कळीचा चुना काही आठवडे आधीच भिजत घातलेला हवा. एक भाग चुना, एक भाग विटांची सुरखी, एक भाग चाळलेली वाळू, असं धरून आधी हातभर जागेत नमुना करा आणि वाळल्यावर रंग पाहा. जुन्या चुन्याशी जुळेना तर वाळू बदला. गवंडी हमखास म्हणेल, ‘मूठभर सिमेंट टाकू, लवकर धरेल.’ टाकू देऊ नका. भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडली पाहिजे. सिमेंट ती अडवतं, मग झिजतो तो दगड. भरलेल्या दरजांवर आठवडाभर ओली गोणपाटं ठेवा.

सागवानी कठडे आणि महिरपींवरचा ऑइलपेंट खरवडा, पण तोंडाला मास्क हवा, कारण जुन्या रंगात शिसं असतं. कुजलेला तेवढाच तुकडा कापून जुन्या सागाचा सांधा द्या. मग जवसाचं तेल.

सगळ्यात शेवटी पाटी. नौरोजी रस्त्यावर नव्वदच्या दशकाअखेर दुकानांच्या अस्ताव्यस्त पाट्यांना शिस्त लावली, तेव्हा मागची वास्तू दिसू लागली. तुमचीही पाटी कमानीच्या आत बसेल एवढीच करा. ती ठोकताना खिळा दरजेत मारा, दगडात नको. आणि दर वर्षी मे महिन्यात पन्हळी साफ करायला माणूस चढवा.