सार्वभौमत्वाची मागणी आणि मतपेटी

प्रादेशिक अस्मितेच्या सर्वच चळवळींचे उद्दिष्ट एकसारखे नसते. काही चळवळी भारतीय संघराज्यात राहूनच वेगळे राज्य मागतात. २०१४ मध्ये स्थापन झालेले तेलंगण हे त्याचे उदाहरण होय. काही चळवळींनी मात्र भारतापासून अलग, सार्वभौम राष्ट्राची मागणी केली. ज्या राज्यघटनेचा अधिकार आपण मान्य करीत नाही, तिच्याच अंतर्गत मते मागावीत काय, हा प्रश्न अशा चळवळींपुढे प्रत्येक निवडणुकीत उभा राहतो. तामिळनाडू, नागालँड व मिझोराम येथे त्याची तीन भिन्न उत्तरे आढळतात.

तामिळनाडू : मागणीचा त्याग

सी. एन. अण्णादुराई यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या द्रविड मुन्नेत्र कळघमने (द्रमुक) स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी केली होती. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाला ५० जागा मिळाल्या. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले आणि पक्षाने ही मागणी बाजूला ठेवली. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने भारताचे सार्वभौमत्व व एकात्मता राखण्याची शपथ उमेदवारांना बंधनकारक केली. निवडणूक की फुटीरता, यांतून निवड करणे आता अपरिहार्य झाले. द्रमुकने निवडणुकीचा मार्ग स्वीकारला, भाषा व राज्यांचे अधिकार या प्रश्नांवर भर दिला आणि १९६७ मध्ये स्पष्ट बहुमत मिळवले.

नागालँड : बहिष्कार

फिझो यांच्या नेतृत्वाखालील नागा नॅशनल कौन्सिलने १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीवर बहिष्कार घातला. १९६३ मध्ये नागालँड राज्य अस्तित्वात आले, तरी सशस्त्र गटांचा प्रश्न शिल्लक राहिला. १९९८ मध्ये पुन्हा बहिष्काराचे आवाहन झाले. परिणामी विधानसभेच्या ६० पैकी ४३ जागांवर काँग्रेसचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. निवडणूक टळली नाही. मात्र बहुसंख्य मतदारसंघांतील मतदारांना निवडीची संधीच मिळाली नाही. २०१८ च्या निवडणुकीपूर्वीही ‘आधी तोडगा, मग निवडणूक’ अशी मागणी झाली. परंतु तो बहिष्कार टिकला नाही.

मिझोराम : करारानंतर सत्ता

१९५९ च्या ‘मौताम’ दुष्काळात शासनाची मदत अपुरी पडली. त्या असंतोषातून १९६१ मध्ये लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली मिझो नॅशनल फ्रंट स्थापन झाला. १९६६ मध्ये त्याने सशस्त्र उठाव करून स्वातंत्र्य घोषित केले. त्यानंतर झालेल्या ऐजॉलवरील हवाई कारवाईची व गावांच्या सक्तीच्या स्थलांतराची झळ सामान्य जनतेला सोसावी लागली. दोन दशकांनी, ३० जून १९८६ रोजी शांतता करार झाला. फ्रंटने शस्त्रे व स्वातंत्र्याची मागणी सोडली. केंद्राने पूर्ण राज्याचा दर्जा मान्य केला. तसेच त्रेपन्नाव्या घटनादुरुस्तीतील अनुच्छेद ३७१-छ द्वारे मिझो रूढी व जमिनीच्या मालकीस संरक्षण दिले. लाल थनहावला यांनी लालडेंगांसाठी मुख्यमंत्रिपद सोडले. १९८७ च्या निवडणुकीत फ्रंटला ४० पैकी २४ जागा मिळाल्या. १९८९ मध्ये मतदारांनी काँग्रेसला सत्ता दिली आणि फ्रंटने तो कौल स्वीकारला. पुढे १९९८ व २०१८ मध्ये फ्रंट पुन्हा सत्तेवर आला. २०२३ मध्ये झोराम पीपल्स मूव्हमेंटने त्याचा पराभव केला.

निष्कर्ष

केवळ निवडणुका घेतल्याने सार्वभौमत्वाचा प्रश्न सुटत नाही, हे नागालँडच्या अनुभवावरून दिसते. तसेच केवळ कायद्याच्या बंधनानेही तो सुटत नाही. राज्यघटनेत स्वायत्ततेला वाव आणि सत्ता मिळण्याची खरी शक्यता असेल, तरच चळवळीचे पक्षात रूपांतर होते. मिझोराममध्ये फ्रंट विजयी झाला, यापेक्षा पराभूत झाल्यावर तो पुन्हा शस्त्रांकडे वळला नाही, हेच लोकशाहीचे मोठे यश मानावे लागेल. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी अनुच्छेद ३७१-क (नागालँड) व ३७१-छ (मिझोराम) यांचा अभ्यास या पार्श्वभूमीवर करणे उपयुक्त ठरेल.